‘नाही’ म्हणायची सोय

‘मेंदू वाचणारं यंत्र निघालं’ अशी बातमी छापून आली की नातेवाईकांचे मला फोन येतात. आपल्या आत्यासाठी घ्यायचं का, हा प्रश्न ठरलेला. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकते.

हे यंत्र म्हणजे मुळात ईईजी. डोक्यावर टोपी, टोपीत छोट्या चकत्या. ना टाका, ना भूल. माणसाच्या मेंदूतली वीज अशी पहिल्यांदा टिपली ती जर्मनीत हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. ही वीज मोजतात व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत, आणि तीही कवटीबाहेरून. जत्रेत मंडपाबाहेर उभं राहिलं तर गलका ऐकू येतो, कोण काय बोललं ते कळत नाही. तसंच हे. विचार-बिचार काही वाचता येत नाहीत.

मग १९८८ मध्ये फार्वेल आणि डोन्चिन यांनी एक युक्ती केली. पडद्यावर अक्षरांचा चौकोन मांडायचा आणि त्यातल्या आडव्या-उभ्या ओळी आलटूनपालटून चमकवायच्या. मनातल्या अक्षराची ओळ चमकली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक लाट उठते. एका वेळेत ती गलक्यातून ओळखू येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा चमकवून सरासरी काढायची. मिनिटाला जेमतेम दोनेक अक्षरं.

आमच्याकडे अणदूरला हेच काम पुठ्ठ्यावर चालतं. पक्षाघातानंतर आत्याची वाचा गेली, हातपाय गेले, पापण्या तेवढ्या राहिल्या. एकदा मिटल्या तर होय, दोनदा मिटल्या तर नाही. पाणी हवं? दुखतंय? कूस बदलू? एवढंच बोलणं व्हायचं. मग पुतणीने पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहिली. कखग, चछज अशा ओळी आपल्याकडे तयारच! आधी ओळीवर बोट, मग अक्षरावर.

आत्याचं पहिलं अक्षर आलं ‘ख’. खोकला? नाही. खिडकी? नाही. खायला? नाही. मग ‘ड’, मग ‘ब’. खंडोबा! आमच्या देवाची मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. देव गेला का, एवढंच तिला विचारायचं होतं.

याच टोपीचा दुसरा उपयोगही आपल्याच राज्यात झाला. आरोपीने गप्प बसायचं, त्याला गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि हे त्याने अनुभवलंय की नाही ते यंत्राने सांगायचं. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या निकालात अशा चाचणीचाही आधार घेतला. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संमतीशिवाय कुणाचीही अशी तपासणी करता येणार नाही.

म्हणजे टोपी तीच. एकीकडे माणूस स्वतः अक्षर निवडतो, दुसरीकडे त्याच्या वतीने दुसराच कुणी बोलतो. खोकला, खिडकी, खायला हे सगळे आमचे अंदाज होते, आणि आत्याला ते एकेक करून खोडता आले, म्हणून खंडोबापर्यंत पोचलो.

असो. यंत्र घ्यायला माझी ना नाही. फक्त विकणाऱ्याला किंमत विचारायच्या आधी एवढं विचारा: यात आमच्या आत्याला ‘नाही’ कसं म्हणता येईल?