पाठ पाहून वस्तरा

रायपूरच्या सलूनमध्ये आता वस्तरा म्हणजे अर्धं ब्लेड अडकवायची मूठ. दाढी झाली की ब्लेड फेकून द्यायचं. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र निसण्यावर वस्तरा पाजवणारे आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार बसवणारे हात धोकटीबरोबरच दिसेनासे झाले. अखंड पोलादाचा फ्रेंच वस्तरा जमवू पाहणाऱ्याला इथे ती विद्या स्वतःच शिकावी लागते.

आणि ती शिकल्याशिवाय हा वस्तरा कळतच नाही. नवखा संग्राहक मुठीवर भाळतो. जाणकार आधी पात्याची पाठ पाहतो. पाजवताना पातं आडवं ठेवतात, तेव्हा पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात. धारेचा कोन कारागिराने पाठीच्या जाडीतच ठरवून ठेवलेला असतो! ती पाठ एका अंगाने सपाट झिजली असेल, तर वस्तरा कितीही लखलखीत असला तरी परत ठेवावा.

पाठीनंतर पात्याचा आकार पाहावा. पॅरिसचा सुरीकार झाँ-झाक पेरे याने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हाची पाती पाचरीसारखी भरीव असत. पुढे गोल चाकावर दोन्ही बाजूंनी पोकळी काढली जाऊ लागली. चाक जितकं लहान, तितकी पोकळी खोल. ओव्हेर्न्यमधल्या तिएर गावात द्युरोल नदीच्या पाण्यावर ही चाकं फिरत. कारागीर फळीवर पालथे पडून काम करत आणि थंडीत उबेसाठी पायांवर कुत्रा बसवत. खोल पोकळीच्या पात्याच्या धारेवरून नख हलकेच सरकवलं, तर पातं किंचित लवतं आणि गुणगुणतं. त्या आवाजात फळीवरच्या माणसाचं कसब ऐकू येतं.

मुठीचा विचार मग करावा. हस्तिदंत नकोच, त्याच्या व्यापाराला आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंदी आहे. जुन्या सेल्युलॉइडपासूनही दूर राहिलेलं बरं. उष्ण, दमट हवेत ते लवकर कुजतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटलेलं पातं आतल्या आत गंजतं. रायपुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, लगेच पावसाळी दमट हवा येते. इथे शिंगाची किंवा आबनुसाची मूठ बरी, तीही अधूनमधून तेल लावून.

१८८४ मध्ये सुरू झालेली तिएर-इसार ही कंपनी अजूनही तिएरमध्ये वस्तरे घडवते. तेव्हा पहिला वस्तरा नवा घ्यावा. पाठ न झिजलेली असल्याने पाजवायला शिकणं सोपं जातं, आणि पुढे जुनं पातं हातात आलं की त्याचं काय बिघडलंय ते डोळ्यांआधी बोटांना कळतं.