आम्ही वृत्तविद्या शिकतों

सेवानिवृत्त मनुष्यानें काय करावें याविषयीं आपल्या समाजाचे विचार मोठे निश्चित आहेत. त्यानें सकाळीं फिरावयास जावें, दुपारीं डोळे मिटून वर्तमानपत्र वाचावें, सायंकाळीं बागेंतील बांकावर बसून पुढच्या पिढीचें कसें होणार याची चिंता वाहावी, आणि वर्षांतून एकदां पंढरपूर करून यावें. याहून अधिक कांहीं त्यानें आरंभिलें कीं घरच्या मंडळींना त्याच्या प्रकृतीविषयीं शंका येऊं लागते. आम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षीं सरकारी कचेरीच्या कारकुनींतून मोकळे झालों आणि दोन महिन्यांनीं संज्ञापन व वृत्तविद्या या विषयाच्या पदवीवर्गांत नांव घातलें. ही वार्ता ऐकतांच आमच्या कुटुंबानें प्रथम आमच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मग विचारलें, "अहो, यानें पुन्हां नोकरी लागते का?"

चिरंजीवांचा आक्षेप अधिक तात्त्विक होता. ते म्हणाले, "बाबा, टिळकांनीं ही पदवी कुठें घेतली होती?"

प्रश्न बिनतोड खरा. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' काढलें, तेव्हां ते विशीच्या आसपासचे तरुण होते, आणि संपादकी शिकविणारी शाळा त्यांच्यासमोर नव्हती. 'केसरी' १८८१ सालीं निघाला; पुढच्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणाच्या खटल्यांत आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढावे लागले. तानूबाई बिर्जे यांनीं पतीच्या मागें 'दीनबंधू'चें संपादन हातीं घेतलें. त्यांच्यापाशींही कोणत्या विद्यालयाचें प्रशस्तिपत्र नव्हतें. डॉक्टर आंबेडकरांपाशीं पदव्या पुष्कळ होत्या, परंतु १९२० सालीं 'मूकनायक' काढतांना त्यांतील एकही वृत्तविद्येची नव्हती. अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठानें आपली वृत्तविद्येची शाळा उघडली ती १९०८ सालीं, आणि त्याच सालीं 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दोहोंपैकीं कोणत्या शाळेची फी जबर होती हें वाचकांस सांगावयास नको.

तथापि आम्हीं चिरंजीवांना उत्तर दिलें तें असें : या थोर मंडळींना काय बोलावयाचें तें ठाऊक होतें, व त्याची किंमत मोजण्याची त्यांची तयारी होती. आम्हांला चौतीस वर्षें कांहीं न बोलतां लिहिण्याचें शिक्षण मिळालें आहे. तें विसरावयाचें तर शाळेंतच गेलें पाहिजे.

मित्रमंडळींनीं सूचना केल्या त्याही शहाणपणाच्या होत्या. कोणी म्हणाले, मराठी घेऊन एम. ए. व्हा, कोणी म्हणाले, कायदा शिका. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून आमच्यासारख्या गाडी चुकलेल्या उतारूंची सोय करीत आलें आहे. त्याचीं पुस्तकें आणून घरबसल्या वाचावीं, असेंही एकानें सुचविलें. परंतु आमचें दुखणें नुसत्या वाचनानें बरें होण्यासारखें नव्हतें. आमच्या वाक्यांवर दुसर्‍या कोणीं तरी, आमच्या देखत, तांबडी रेघ ओढणें अवश्य होतें.

तें दुखणें असें. आम्हीं भूसंपादनाचा पत्रव्यवहार सांभाळला. कचेरीचें मराठी ज्यांनीं वाचलें आहे त्यांना ठाऊक असेल कीं, त्या भाषेंत क्रियापदें पुष्कळ असतात, पण कर्ता नसतो. तेथें कोणी कांहीं करीत नाहीं; सर्व कांहीं 'करण्यांत येतें'. कोणी विसरत नाहीं. 'अनवधानानें राहून जातें'. कोणी नकार देत नाहीं. 'सद्यःस्थितींत शक्य होणार नाहीं' असें 'कळविण्यांत येतें'. ही भाषा आम्ही उत्तम लिहीत असूं. साहेब बदलत, पण आमचा मसुदा खाडाखोड न होतां सहीला जाई, याचा आम्हांला अभिमान वाटे. आणि याच भाषेंत आम्हीं एका बाईंना अकरा वर्षांत नऊ पत्रें लिहिलीं. त्यांची हकीकत पुढें येईल.

वर्गांत पहिल्या दिवशीं आम्ही शिरलों तेव्हां मुलें अदबीनें उठून उभीं राहिलीं, आणि आम्ही मागच्या बांकावर जाऊन बसलों तेव्हां तींच मुलें मनसोक्त हंसलीं. आठ दिवसांत आम्ही सगळ्यांचे 'काका' झालों. अध्यापिका आमच्या मुलीच्या वयाच्या. त्या वर्गांत आल्या कीं आम्ही जुन्या संवयीनें उभे राहात असूं, आणि तें पाहून त्याच संकोचत. त्यांनीं पहिल्या दिवशीं फळ्यावर सहा शब्द लिहिले : कोण, काय, कोठें, केव्हां, कां, कसें. बातमीनें या सहांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत. इंग्रजींत या सहांतला एक प्रश्न आद्याक्षराच्या बाबतींत फुटून निघतो. मराठींत सहाही 'क'च्या एका पंक्तीला बसतात. आपल्या भाषेची ही सोय अठ्ठावन्न वर्षें तिच्यांत वावरूनही आमच्या ध्यानीं आली नव्हती.

मग एके दिवशीं रस्त्यावर पाण्याचा नळ फुटला होता त्याची बातमी लिहावयास सांगितली. आम्हीं लिहिलें : "सदर ठिकाणीं जलवाहिनी नादुरुस्त झाल्याचें निदर्शनास आलें असून उचित कार्यवाही करण्यांत येत आहे." अध्यापिकांनीं तें मोठ्यानें वाचलें, आणि शांतपणें विचारलें, "कोणाच्या निदर्शनास आलें? कार्यवाही कोण करीत आहे? आणि घरांत पाणी नाहीं तें कोणाच्या?" आम्हांला एकाही प्रश्नाचें उत्तर येईना, कारण आम्हीं तेथें कोणाला कांहीं विचारलेंच नव्हतें. आमच्या शेजारचा मुलगा अशुद्ध लिहितो. त्याला 'पाणी' या शब्दांतली वेलांटी कोणती हें आम्हींच सांगितलें. पण त्या मुलानें तीन घरांत जाऊन भांडीं पाहिलीं होतीं, आणि कोणतें घर किती वाजल्यापासून कोरडें आहे हें त्याच्या कागदावर होतें.

उतारवयांत शिकावयास येणाराची खरी अडचण यांत आहे. लोक समजतात कीं त्याची स्मरणशक्ति दुबळी असते, किंवा त्याला यंत्रें चालवितां येत नाहींत. यंत्रें मुलें शिकवितात. आमची अडचण ही कीं आमच्यापाशीं प्रत्येक गोष्टीचें मत तयार असतें, आणि मत तयार असलेला मनुष्य प्रश्न विचारीत नाहीं. कचेरीच्या पत्रांत मुख्य गोष्ट शेवटच्या परिच्छेदाच्या पोटांत दडवितात. बातमींत ती पहिल्या वाक्यांत ठेवावी लागते. लासवेल नांवाच्या अमेरिकन पंडितानें १९४८ सालीं संज्ञापनाचा अभ्यास कांहीं प्रश्नांत मांडला : कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या मार्गानें, कोणाशीं, आणि परिणाम काय होतो. तेथेंही पहिला प्रश्न 'कोण' हाच.

माहितीच्या अधिकाराचा कायदा शिकण्याची पाळी आली तेव्हां मात्र आमची मान ताठ झाली. २००५ सालचा हा कायदा आम्हांला पाठ होता. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, सर्व कांहीं. पण आम्ही तो टेबलाच्या दुसर्‍या बाजूनें शिकलों होतों. एका मुलानें विचारलें, "काका, उत्तर साधारण कितव्या दिवशीं पाठवीत असत?" आम्हीं खरें तें सांगितलें : "एकोणतिसाव्या." वर्ग हंसला, आम्हांला हंसूं आलें नाहीं.

सत्राच्या अखेरीस प्रत्येकानें एका खर्‍या प्रकरणाचा छडा लावून वृत्तान्त लिहावयाचा होता. आम्हीं त्या बाईंचें प्रकरण निवडलें. त्यांची दीड एकर जमीन कालव्यांत गेली होती. उतार्‍यावर त्यांच्या वारलेल्या पतीचें नांव होतें, म्हणून मोबदला अडला. वारसनोंदीचा फेरफार त्यांनीं दुसर्‍याच वर्षीं आणून दिला. त्यानंतर त्या दर कांहीं महिन्यांनीं कचेरींत येत, दाराशीं उभ्या राहात, आणि आम्ही त्यांना लिहून देत असूं कीं, "आपलें प्रकरण विचाराधीन आहे." अकराव्या वर्षीं जुने कागद लावतांना तो फेरफार शेजारच्या गट नंबराच्या फाइलींत सांपडला. बाईंना जाऊन तेव्हां चार महिने झाले होते. पैसे पुढील वर्षीं मुलाला मिळाले.

आम्ही त्या गांवीं गेलों. मुलानें आम्हांला ओळखलें. लहानपणीं आईबरोबर तो येत असे. त्यानें चहा केला, आणि एका प्लास्टिकच्या पिशवींतून नऊ पत्रें काढून समोर ठेवलीं. नवांतही वाक्य एकच होतें. तो रागावला असता तर आम्हांला बरें वाटलें असतें.

आम्हीं वृत्तान्त लिहून नेला. अध्यापिकांनीं तो वाचला आणि परत दिला. "ज्या प्रकरणांत आपला हात आहे त्याची बातमी आपण लिहावयाची नसते. हें दुसर्‍या कोणाला द्या. तुम्ही त्यांतले एक साक्षीदार आहां." तें काम वर्गांतल्या एका बावीस वर्षांच्या मुलीकडे गेलें. तिनें आमच्यासमोर वही उघडली.

"काका, फेरफार कुठें गेला होता?"

"तो दुसर्‍या प्रकरणाला जोडला गेला होता."

"कोणीं जोडला?"

"आम्हीं."

तिनें लेखणी थांबविली. "आम्हीं म्हणजे कचेरीनें का?"

आम्हीं बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलें. मग म्हटलें, "नाहीं. मीं."

तिनें तें तसेंच लिहून घेतलें. तिच्या चेहर्‍यावर राग नव्हता आणि दयाही नव्हती. पुढचा प्रश्न काय विचारावा एवढाच विचार होता. या विद्येचा खरा गुण आम्हांला त्या चेहर्‍यावर दिसला.

आमच्या वर्गांतील मुलांना या पदवीवर पोट भरावयाचें आहे. आम्हांला निवृत्तिवेतन आहे, तेव्हां खरें लिहिण्याची चैन आम्हांला परवडते आणि त्यांना ती महाग पडेल, ही गोष्ट आम्ही विसरत नाहीं. पण ज्याला उशिरा कां होईना शिकावयाचें आहे, आणि आपल्या गतायुष्यांतील एखादें वाक्य ज्याला टोंचतें आहे, त्यानें या वर्गाची पायरी जरूर चढावी. मागच्या बांकावर जागा असते.

त्या मुलीचा वृत्तान्त वर्गाच्या प्रायोगिक अंकांत छापला गेला. प्रती अवघ्या शंभर. एक प्रत आम्हीं गांवीं पाठविली. आठ दिवसांनीं मुलाचा फोन आला. वृत्तान्त कसा वाटला हें त्यानें सांगितलें नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "त्या टेबलावर आतां जे बसतात, त्यांना एक प्रत दिलीत का?"

दिली नव्हती. दुसर्‍याच दिवशीं आम्हीं ती रजिस्टर टपालानें पाठविली. पोंच अद्याप आलेली नाहीं. पण तीस दिवसही अजून झालेले नाहींत.