पिवळ्या मार्गिकेवरचं विश्व

बंगळुरूच्या टोकाला असलेल्या बोम्मसंद्राच्या आकाशात तारे फारसे उरलेले नाहीत. होसूर रस्त्याचे दिवे, कारखान्यांच्या आवारातले झोत आणि धूळ यांचा फिकट तांबूस पडदा रात्रभर वर ताणलेला असतो. चंद्र दिसतो, गुरू-शुक्र दिसतात. बाकीचं विश्व इथे माणसांच्या खिशात राहतं.

१० ऑगस्ट २०२५ ला आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि खिशातल्या विश्वाला निवांत वेळ मिळाला. सिल्क बोर्ड चौकातली वाहतुकीची कोंडी खाली राहते. डब्यात कुणी क्रिकेट बघतं, कुणी पाककृती. माझ्या फोनच्या पडद्यावर होसा रोडला सूर्य फुगू लागतो आणि इलेक्ट्रॉनिक सिटी येईतो तांबडा राक्षसी तारा होऊन बुधाला गिळतो. काही अब्ज वर्षं दोन-तीन स्थानकांत उरकतात. निर्वात पोकळीत आवाज नसतो, तरी तारा फुटताना कानात गडगडाट होतो. २०१९ साली जगानं पाहिलेलं एम-८७ मधलं कृष्णविवर नारिंगी दिसतं. तो रंग माणसांनी दिलेला आहे, कारण टिपलेल्या रेडिओ लहरी डोळ्यांना दिसतच नाहीत. हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतो. मात्र उतरेपर्यंत बरंचसं विसरायलाही होतं.

एकदा शेजारी इचलकरंजीकडचा सोबती होता. दिवसभर सीएनसी मशीनवर मायक्रॉनचा हिशेब करणारा. माझ्या फोनवर गुरुत्वीय लहरींचा व्हिडिओ चालू होता: लायगो वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळीसारख्या भुजा, त्यांतून धावणारा लेसर, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजणारी यंत्रणा. तो माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, “आमच्याकडं जॉब तापला की चार मायक्रॉन वाढतोय. मग ह्यांचा एवढा पाइप उन्हात वाढत न्हाई व्हय?”

मी तो विषय कितीदा पाहिला होता, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. घरी जाऊन वाचत बसलो. आरसे त्या नळीला जोडलेलेच नसतात, वेगळे टांगलेले असतात. उष्णतेनं होणारा बदल सावकाश होतो, तर १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा सापडलेली लहर सेकंदाच्या अंशात निघून गेली होती. शिवाय अमेरिकेत सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या लायगोच्या दोन्ही वेधशाळांत तीच खूण उमटली, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं. तो म्हणाला, “मग बराबर हाय.” अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, हे ऐकून तर तो खूश झाला.

त्या दिवसापासून मला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची एक रीत वारंवार आठवते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या ‘ब्रह्मांड’ मालिकेतून त्यांनी घरोघरी विश्व पोचवलं. पण मुलं सही मागायला आली, की ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली सही मिळेल. २० मे २०२५ ला ते गेले. मधल्या काळात पडदे वाढले, चित्रं देखणी झाली, पण त्या पोस्टकार्डातली अट आपण सोडून दिली. आता न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आपसूक समोर येतात, एक संपतं न संपतं तोच दुसरं सुरू होतं, आणि पाहिलं म्हणजे कळलं असं वाटून जातं.

व्हिडिओंवर माझा राग नाही. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या माणसापर्यंत आइन्स्टाइन पोचला तो त्यांच्यामुळेच. पण विश्व तिथे नुसतं दिसतं. कळायला लागतं ते आपल्या कामाच्या, आपल्या हाताच्या अनुभवातून शंका निघते तेव्हा. म्हणून सांगतो, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू व्हायच्या आत फोन थांबवा आणि एक प्रश्न लिहा. तो अडाणी वाटला तरी चालेल, तुमचा स्वतःचा असला म्हणजे झालं.