रंगांची हौस आणि सर्पाचें सुख

मनुष्याच्या हौसेला अंत नाहीं. निसर्गानें जें हातीं दिलें तें जसेंच्या तसें ठेवून स्वस्थ बसणें त्याला साधत नाहीं. रानगुलाबाच्या पांच पाकळ्यांवर त्याचें समाधान झालें नाहीं, म्हणून त्यानें त्यांच्या शंभर केल्या; साध्या पारव्याच्या वंशांतून मोरासारखा पिसारा उभारणारें लक्का कबूतर निर्माण केलें; चीनमधल्या मळकट माशाला सोन्याचा रंग आणला. ह्या मालिकेंत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एका अजगराची भर पडली आहे, हें ऐकून आमच्या वाचकांपैकीं कित्येक दचकतील. परंतु ज्या प्राण्याला पाहून अंगावर कांटा उभा राहावा, त्याच्याच अंगावर रंगांची कलाकुसर हवी असें ज्यांना वाटतें, त्यांची गोष्ट विचार करण्याजोगी आहे; कारण आपल्या डोळ्यांच्या सुखासाठीं दुसऱ्या जीवाकडून किती किंमत घ्यावी, हा प्रश्न तींत गुंतलेला आहे.

ह्या अजगराला 'बॉल पायथन' म्हणतात. तो मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेंतला. जॉर्ज शॉ ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८०२ सालीं त्याचें वर्णन करतांना त्याला 'रेजियस' म्हणजे 'राजाचा' हें विशेषण लावलें. पदवी अशी थोर असली तरी स्वभाव मात्र विलक्षण भित्रा. लांबी तीन ते पांच फूट. दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत दडून राहावें आणि रात्रीं भक्ष्य शोधावें, हा त्याचा क्रम. कोणी हात लावलाच तर फणफणण्याऐवजीं तो डोकें मध्यें घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो, आणि त्यावरूनच त्याचें नांव पडलें. बेनिन देशांतील विदा ह्या गांवीं ह्या सापांचें मंदिर आहे. तेथील साप घरांत शिरला तर लोक त्याला हळुवारपणें उचलून मंदिरांत पोंचवितात. नागपंचमी पाळणाऱ्या आपल्या समाजाला ह्यांत नवल वाटणार नाहीं. नवल तें पुढेंच आहे. त्याच बेनिनमधून आणि शेजारच्या टोगो व घाना ह्या देशांतून ह्याच जातीचे साप हजारोंनीं परदेशीं विकले जातात.

ह्या विक्रीच्या मालांत क्वचित् एखादा पांढरा-पिवळा, लाल डोळ्यांचा साप निघे. असा रंग हा एकट्याचा अपघात कीं कुळाचा गुण, हें १९९२ सालीं ठरलें. त्या वर्षीं अमेरिकेंतील बॉब क्लार्क ह्यांच्याकडे पिंजऱ्यांतील अंड्यांतून तसाच रंगहीन साप जन्मला. मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्याच्या रोपांवरून जो नियम मांडला तोच येथें लागू पडला. हा गुण सुप्त असतो. आईबापांपैकीं दोघांकडूनही आला तरच तो दिसतो. गुण पोटांत बाळगणाऱ्या, पण दिसायला साध्या अशा नरमादीची जोडी लावली, तर सरासरीनें चार पिलांत एक पांढरें निघतें. राहिलेलीं तीन सारखींच तपकिरी. पण त्यांपैकीं दोन तो गुण घेऊन आलेलीं असतात आणि एक कोरें असतें. कोणतीं दोन, हें पाहून सांगतां येत नाहीं. म्हणून अशा पिलाला बाजारांत 'सहासष्ट टक्के' म्हणून विकतात! तपकिरी सापाची किंमत ठरते ती त्याच्या आईबापांविषयीं विक्रेत्यानें दिलेल्या शब्दावर. अलीकडे कांहीं गुणांपुरती टाकलेल्या कातेवरून परीक्षा करण्याची सोय झाली आहे. तोंवर सारा व्यवहार विश्वासावरच चालला.

पुढें ही विद्या वाढत गेली. १९९७ सालीं पांढऱ्या अंगावर रंगीत ठिगळें असलेला 'पायबाल्ड' अशा पैदाशींत सिद्ध झाला. 'पेस्टल', 'क्लाउन', 'बनाना' अशीं मिठाईच्या दुकानांत शोभणारीं नांवें निघालीं, आणि मग एकाच सापांत दोन-दोन, तीन-तीन गुण एकवटण्याची स्पर्धा लागली. दोन सुप्त गुण बाळगणाऱ्या जोडीपासून ते दोन्ही प्रकट झालेलें पिलूं सोळांत एक निघतें. आणि मादी एका वेळीं अंडीं घालते तीं सहाच्या आसपास. तीही वयांत येण्यास तीनेक वर्षें लागतात. एवढ्या प्रतीक्षेसाठीं लागणारी चिकाटी, टिपणें ठेवण्याची शिस्त आणि जनावराची निगा ह्यांचें श्रेय पाळणाऱ्याला दिलेंच पाहिजे. मात्र ह्या धंद्यांत एक चमत्कारिक विसंगती आहे. ज्या वस्तूचें मोल दुर्मिळपणांत आहे, तिची पैदास करून तिला सुलभ करणें हेंच येथलें काम. त्यामुळें कालचें नवल आज स्वस्त होतें, आणि नवें नवल शोधणें भाग पडतें. इकडे फॅशन चार वर्षांत शिळी होते. साप मात्र तीस वर्षें जगूं शकतो. अमेरिकेंतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयांत १९६१ पासून असलेल्या एका मादीनें २०२० सालीं, वयाची साठी उलटल्यावर, अंडीं घातलीं! शिळ्या झालेल्या फॅशनचें ओझें इतकीं वर्षें कोण वाहणार?

परंतु खरी कसोटी 'स्पायडर' नांवाच्या प्रकारांत लागते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा असलेला हा साप १९९९ सालीं आफ्रिकेंतून अमेरिकेंत गेला, आणि पुढें त्याच्या वंशाची मोठी चलती झाली. ह्या वंशांतील सापांचें डोकें डुलतें. कांहींचें थोडें, कांहींचें इतकें कीं भक्ष्यावर घातलेली झडप चुकते, मान पिळवटते आणि उलटें पडल्यावर सुलटें होतां येत नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ह्या सापांच्या अंतःकर्णाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची, घडणच बिघडलेली आढळली. नक्षी आणि हा दोष आजवर कोणालाही वेगळे करतां आलेले नाहींत. कैवारी म्हणतात, "तो खातो, वाढतो, पिलें देतो, मग बिघडलें काय?" ह्या युक्तिवादानें आमचें समाधान होत नाहीं. खाणें आणि प्रजा वाढणें ही धंद्याची गरज झाली. प्राण्याच्या सुखाचें तें माप नव्हे. सापाला वेदना ओरडून सांगतां येत नाहीं, म्हणून त्याच्या मौनाचा अर्थ संमति असा लावणें हा न्याय नव्हे.

तरीही सरसकट निषेध करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ह्याच हौशी लोकांच्या टिपणांनीं शास्त्रालाही हात दिला आहे. 'बनाना' नराचीं त्याच रंगाचीं पिलें बहुतेक एकाच लिंगाचीं निघतात, हें त्यांनीं ओळखलें होतें. सर्व सापांत लिंगभेद मादीच्या गुणसूत्रांवरून ठरतो, ही जुनी समजूत तेथें हलली. अजगर व बोआ ह्यांच्यांत तो नराकडून ठरतो, असें २०१७ सालच्या संशोधनानें दाखविलें. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं पाळणाऱ्यांकडून कात गोळा करून रंगहीनतेचें जनुक २०२२ सालीं हुडकून काढलें. कातेला सापाला इजा करावी लागत नाहीं. जिज्ञासेची ही निरुपद्रवी रीत आम्हांस फार आवडली.

आपल्याकडेही ही लाट आली आहे. डिसेंबर २०२३ मध्यें बँकॉकहून मुंबईस उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानांत बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन सांपडले. वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें आणि २०२४ च्या नियमांनीं असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी करावी लागते. कायदा हिशेब मागूं शकतो. पुड्यांत गुदमरणाऱ्या जिवाची कणव उत्पन्न करणें हें घराघरांतील संस्कारांचें काम आहे. मुलानें रंगीत साप मागितला तर त्याच्या किंमतीआधीं त्याचा जन्म कोठें व कसा झाला हें विचारावें, एवढें तरी आईबापांना करतां येईल.

आमच्या मतें पाळणाऱ्यानें जोडी लावण्यापूर्वीं स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ह्या जोडीचें पिलूं सरळ झडप घालूं शकेल काय, आणि उलटलें तर आपलें आपण सुलटें होईल काय? उत्तर 'होय' असेल तर पांढरा, पिवळा, ठिपक्यांचा, हवा तो रंग त्यानें खुशाल आणावा. आम्ही कौतुक करूं. उत्तर 'नाहीं' असेल तर ती नक्षी कितीही मोहक असो, ती जोडी लावूं नये. भ्यालेल्या सापाला अंगाचा चेंडू करतां येतो, आणि भय सरल्यावर तो उलगडून आपल्या वाटेनें जातो. जन्मतःच तोल गेलेल्या सापाला मात्र ही मोकळीक कधींच मिळत नाहीं.