फुकटचा एसएमपीएस

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. "मामा, गेमिंग पीसी बनवतोय. लिस्ट बघून दे ना."

सोबत एक्सेल शीट. (आमच्या घराण्यात लग्नाच्या खरेदीचीसुद्धा एक्सेल शीट होते, त्यामुळे नवल वाटलं नाही.) ग्राफिक्स कार्डावर निम्मं बजेट. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी सगळं व्यवस्थित अभ्यास करून निवडलेलं. रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे सहा. आणि अगदी शेवटच्या ओळीत, भाजीच्या यादीत शेवटी कोथिंबीर लिहावी तसं : 'एसएमपीएस, ६०० वॅट, १,४०० रु.' कंपनीचं नावसुद्धा नाही.

मी सरळ फोनच लावला.

"अरे, पंख्यांवर एवढे पैसे आणि एसएमपीएस चौदाशेचा?"

"मामा, टोटल लोड ४४० वॅट येतोय. हा ६०० चा आहे. पुरतो की!"

आता हा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ४४० पेक्षा ६०० मोठे हे त्याला कळतं. मलाही कळत होतं, २००४ साली. त्याला त्या रात्री जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण वीस वर्षांत ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

२००४ च्या गणपतीत मी बाबांसाठी कॉम्प्युटर असेंबल केला. नोकरीला दीड वर्ष झालं होतं, खिशात थोडे पैसे आणि डोक्यात बरीच हवा होती. बाबा नुकतेच मराठीचे शिक्षक म्हणून रिटायर झाले होते आणि सांगलीच्या घरी त्यांच्याबरोबर आजी होती, वय ब्याऐंशी. आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. किती, ते तिलाही माहीत नव्हतं. बाबांना त्या लिहून काढायच्या होत्या. त्यांनी दोनशे पानी वही आणलेलीसुद्धा होती. मी म्हणालो, "बाबा, आता वहीत कशाला? थेट टाईप करा. नंतर छापायला सोपं." बराह टाकून दिलं, की-बोर्डवर कुठे काय उमटतं त्याचा कागद भिंतीला चिकटवला आणि हिरोसारखा पुण्याला परत आलो.

हे पार्ट घेताना दुकानदाराने मला विचारलं होतं, "साहेब, कॅबिनेटबरोबर साडेचारशे वॅटचा एसएमपीएस फुकट आहे. चांगला हवा असेल तर बाराशे जास्त पडतील." मी म्हणालो, "फुकटवाला चालतो का?" त्याने टेबलाखालून एक स्टेपलरची पिन सरळ केली, मोठ्या कनेक्टरातली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर जोडली. पंखा गरगर फिरला. "हे बघा, चालू!" मी खूश. बाराशे रुपये वाचले.

आता ज्यांनी कॅबिनेट कधी उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भिंतीतून येते २३० व्होल्टची एसी. कॉम्प्युटरच्या आतल्या मंडळींना हवे असतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी. मधला हा डबा आधी एसीची डीसी करतो, म्हणजे आत जवळजवळ सव्वातीनशे व्होल्ट होतात, मग ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणतो. एका बाजूला माणूस मारू शकेल एवढं व्होल्टेज आणि दुसऱ्या बाजूला नाजूक चिप्स, असा हा दरवान आहे. हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे दरवान खुर्चीत बसलेला आहे, एवढंच सिद्ध होतं. चोर आल्यावर तो काय करील ते नाही.

आमच्याकडे चोर आला मे २००५ मध्ये. त्या काळचं लोडशेडिंग आठवत असेल तर वेगळं सांगायला नको. दुपारी लाईट गेली, संध्याकाळी आली, येताना ठिणगीसारखी आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. 'फट्' असा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास. बाबांनी फोनवर सांगितलं, "अरे, तुझा तो डबा गेला बहुतेक." मी म्हणालो, काळजी करू नका, एसएमपीएस बदलला की झालं. तिथल्या रिपेअरवाल्याने बदललाही. पण मदरबोर्ड गेला होता. आणि हार्डडिस्क.

ओव्या त्या हार्डडिस्कवर होत्या. तीनशे चाळीस. बॅकअप होता... डी ड्राईव्हवर. त्याच डिस्कचा दुसरा भाग. तो मीच शिकवला होता बाबांना, "रोज रात्री इथे कॉपी करायची". सीडी रायटर घेतला नव्हता. पैसे वाचवायला.

आणि आजी मार्चमध्येच गेली होती.

ती डिस्क मी पुण्याला आणली. खालच्या बोर्डावरची एक चिप फुटलेली दिसत होती. तशीच, त्याच मॉडेलची डिस्क शोधून तिचा बोर्ड लावून पाहिला. डिस्क फिरली, टक् टक् टक् केलं आणि थांबली. रिकव्हरीवाल्याने सांगितलं, आत हेडजवळचं सर्किटसुद्धा जळलंय, आशा ठेवू नका. मग एका रविवारी रागारागाने तो एसएमपीएस उघडला. (तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये शॉक बसण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं. मी दोन दिवस तसाच ठेवून मग उघडला होता.)

आत जे दिसलं त्याने जास्त वाईट वाटलं. बोर्डावर प्रत्येक पार्टची जागा नीट छापलेली होती. वीज आत येते तिथे गाळणीसाठी कॉइल आणि कॅपॅसिटर : जागा आहे, पार्ट नाही. कॉइलच्या जागी चक्क वायरचा तुकडा. व्होल्टेज अचानक वाढलं तर स्वतःवर घेणारी निळी चकती असते, एमओव्ही : जागा आहे, पार्ट नाही. ज्याने डिझाईन केलं त्याला सगळं माहीत होतं. मग कुणीतरी एकेक पार्ट काढून पाहिला असणार. हा काढला तरी पंखा फिरतोय? फिरतोय. मग हाही काढा.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. डेमो चालतो, क्लायंट टाळ्या वाजवतो, आणि एरर हँडलिंग 'पुढच्या रिलीजला बघू' म्हणून काढून टाकलेलं असतं. त्यामुळे त्या माणसाला शिव्या तरी कोणत्या तोंडाने घालणार?

असो. तर मुद्द्यावर येतो. त्यानंतर वीस वर्षांत एसएमपीएस कसा पारखायचा ते मी हळूहळू शिकलो.

पहिली गोष्ट, वॅटचा मोठा आकडा वाचूच नका. बाजूच्या स्टिकरवर तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. बाबांच्या डब्यावर १४ अँपिअर होते. १४ गुणिले १२, म्हणजे १६८ वॅट. नाव साडेचारशे! बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले. एके काळी प्रोसेसर ५ व्होल्टवरून वीज घ्यायचे तेव्हा त्याला अर्थ होता, पण पेंटियम ४ च्या काळापासून, म्हणजे २००० नंतर, मुख्य भार १२ व्होल्टवर गेला. आजच्या चांगल्या ६५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला ५४ अँपिअरच्या आसपास दिसतात, म्हणजे जवळजवळ सगळेच वॅट तिथे.

दुसरी, पाठीमागे ११५/२३० लिहिलेला लाल खटका असेल तर समजा की डिझाईन जुनं आहे. त्यात ॲक्टिव्ह पीएफसी नाही. शिवाय तो खटका चुकून ११५ वर राहिला आणि आपल्या भिंतीत प्लग लावला तर दिवाळी वेगळी साजरी करायला नको.

तिसरी, '८० प्लस'चा बिल्ला. अमेरिकेत २००४ मध्ये हे सुरू झालं. २०, ५० आणि १०० टक्के लोडवर किमान ८० टक्के एफिशियन्सी, ही मूळ अट. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड वगैरे आले. ४०० वॅट लागत असतील तर ८० टक्केवाला भिंतीतून ५०० घेतो आणि १०० ची उष्णता करतो. ९० टक्केवाला सुमारे ४४४ घेतो. बिल वाचतं, पंखा शांत राहतो, चांगलंच आहे. पण हा बिल्ला फक्त एवढंच सांगतो. व्होल्टेज किती स्वच्छ आहे, संरक्षण आहे का, हे त्यात तपासत नाहीत. आणि चाचणी होते साधारण २३ अंशांना. सांगलीच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत २३ अंश शोधून दाखवा. :) २०२१ मध्ये एका नामांकित कंपनीचे गोल्ड बिल्लेवाले डबे परीक्षकांच्या टेबलावर फुटले, तेव्हा हे साऱ्या जगाने पाहिलं.

मग खरं काय बघायचं? संकटात तो कसा वागतो ते. इंटेलच्या एटीएक्स डिझाईन गाईडमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. १२ व्होल्ट म्हणजे ११.४ ते १२.६ च्या मध्येच, ही मूळ अट. त्यावरची लहर, म्हणजे रिपल, १२० मिलिव्होल्टच्या आत (साधा मल्टिमीटर ही दाखवत नाही, ऑसिलोस्कोप लागतो). लाईट गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तरी त्याने साठवणीवर तग धरायचा, म्हणजे यूपीएसला जागं व्हायला वेळ मिळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १२ व्होल्टची लाईन १५.६ च्या वर जायच्या आत त्याने स्वतःला बंद करून घ्यायचं. म्हणजे चांगला एसएमपीएससुद्धा जळतो. पण जळताना एकटा जळतो. दुसऱ्याला बरोबर नेत नाही.

हे दुकानात कळत नाही, घरी वर्षभर वापरूनही कळत नाही. त्यासाठी ज्यांच्याकडे लोड टेस्टर आणि ऑसिलोस्कोप आहे, जे डबा तापवून, ओव्हरलोड करून, शॉर्ट करून बघतात आणि आकडे छापतात, त्यांचं वाचायचं. त्याच मॉडेलचं, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं नव्हे. कारण एकच कंपनी वेगवेगळ्या कारखान्यांकडून माल बनवून घेते आणि वर स्वतःचं नाव लावते. कॅपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५ चे, हेही ते लिहितात. दहा अंश कमी तापमान म्हणजे आयुष्य दुप्पट, असा ढोबळ हिशोब आहे. एवढं सगळं वाचायचा कंटाळा येत असेल तर किमान वॉरंटी बघा. सात-दहा वर्षांची वॉरंटी देणाऱ्याला फुकटचे पार्ट काढून टाकणं परवडत नाही.

हे सगळं भाच्याला सांगून झाल्यावर त्याला तो बाराशे रुपयांचा किस्साही सांगितला. पहिल्यांदाच. घरात सगळ्यांना 'लोडशेडिंगमुळे डिस्क गेली' एवढंच माहीत होतं. बाबा तेव्हा म्हणाले होते, "वीज आहे ती, तिला काय कळतंय." त्यांनी ती दोनशे पानी वही काढली, आठवतील तेवढ्या ओव्या लिहिल्या, गावाकडच्या दोन आत्यांना विचारून आणखी काही. नव्वदपर्यंत पोचले. आत्यांच्या ओव्यांत शब्द थोडे वेगळे यायचे, तेव्हा बाबा पेन्सिलीने बाजूला प्रश्नचिन्ह करायचे. ती प्रश्नचिन्हं अजून वहीत आहेत.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तीन पंखे कमी करतो. आणि कार्ड एक नंबर खालचं घेतो."

काल बाबांचा फोन. भाच्याने आजोबांना सांगितलं होतंच. कार्ट्याच्या पोटात काही राहत नाही.

"बाराशे रुपयांचं कळलं," बाबा म्हणाले.

मी काय बोलणार? म्हणालो, "बाबा, तेव्हा सांगायला पाहिजे होतं मी."

"अरे, मला तेव्हाच माहीत होतं. तो रिपेअरवाला बोलला होता, सर, कुणीतरी फालतू एसएमपीएस टाकलाय."

"मग मला काही बोलला नाहीत?"

"बोलून काय, डिस्क चालू होणार होती?" मग जरा थांबून, "त्या पोराला चांगला घेऊन दे. मी देतो पैसे."

मी ऑर्डर करून टाकलाय. बाबांकडून पैसे घेणार नाही, अर्थातच. पुढच्या शनिवारी मात्र सांगलीला जातोय. ती वही स्कॅन करायची आहे, आणि या वेळी कॉप्या तीन वेगळ्या घरी ठेवायच्या आहेत.