आधी रसद, मग तोफ

आमच्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली. नववीतल्या चिरंजीवांची ही सहावी शाळा. जुने मित्र आता भेटतात ते रात्री, खेळात. कुणी पठाणकोटहून, कुणी जोरहाटहून. म्हणून गेमिंग कॉम्प्युटरची मागणी मला चैन वाटली नाही. बजेट मात्र पक्कं: मॉनिटर सोडून ५५ हजार.

रायपूरला बूढा तलावाजवळ बूढापारा आहे. तिथल्या एका दुकानात आम्ही यादी घेऊन बसलो. सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला: रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी. प्रोसेसर रायझन ५ ५६००. रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकाच पट्टीपेक्षा जोडी वेगवान चालते.

चिरंजीवांना रंगीत दिव्यांचे पंखे हवे होते आणि त्यासाठी पॉवर सप्लाय स्वस्तातला चालणार होता. मी हिशेब करायला लावला. कार्ड १३२ वॅट, प्रोसेसर ६५, वर बाकीचे भाग. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरे. हलका सप्लाय जाताना इतर भागही घेऊन जाऊ शकतो. रसद तुटली की तोफ नुसतं लोखंड. दिवे कटले.

रायपूरच्या उन्हाळ्यासाठी केस पुढून जाळीचा घेतला, आणि काळ्या ट्रंकेत मावेल एवढाच. कार्ड काढून वेगळं कसं बांधायचं, हे त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. पुढच्या बदलीला मी फील्डवर असेन, तर सामान त्यालाच बांधायचंय.