डावं वल्हं

दशाश्वमेध घाटावरून नाव सुटली आणि नावाडी म्हणाला, "बाबूजी, तनिक उधर सरकिए." मी सरकलो; कललेली नाव सरळ झाली. चेतक हेलिकॉप्टरच्या रोटरखाली नोकरी काढलेल्या माणसाला हे कुणीतरी सांगावं लागलं!

चेतकला तीन पाती, मिनिटाला साधारण ३५० फेरे. एक पातं इतरांपेक्षा जरा वरून उडालं की सेकंदाला सहा हिसके. ते आधी पायलटच्या पाठीला कळतात, मग हळूहळू रिव्हेटांना. हिसका उभा असेल तर पाती एका पातळीत नाहीत. आडवा असेल तर बहुधा वजनात फरक. कुठला आहे हे ओळखलं की अर्धं काम झालं.

पूर्वी पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांचे खडू फासायचे आणि दांडीला ताणून बांधलेलं कापड फिरत्या रोटरच्या कडेला हळूच न्यायचं. पाती कापडाला चाटून जात, खुणा उमटत. निळी खूण वर दिसली की निळ्याची पिच लिंक, म्हणजे पात्याचा कोन ठरवणारी दांडी, किंचित फिरवायची. कापड धरणाऱ्याची छाती धडधडायची, हे कुठल्याच पुस्तकात नाही. पुढे स्ट्रोबचा दिवा आला, मग सेन्सर. पण जमिनीवर जुळलेली पाती वेगात पुन्हा फाकतात. तिथे मागच्या कडेची ट्रिम टॅब अगदी जराशी वाकवायची, कारण तिचा जोर वेगाबरोबर वाढतो.

एकदा आडव्या हिसक्यासाठी मी दोन दिवस वजनं लावत-काढत बसलो. वॉरंट ऑफिसर साहेब आले, त्यांनी एक पातं हातानं मागंपुढं ढकललं आणि काही न बोलता निघून गेले. पात्याचं मागंपुढं डोलणं थोपवणारा ड्रॅग डॅम्पर गेला होता.

पेशव्यांनी बांधलेल्या, अहिल्याबाईंनी पुन्हा बांधून काढलेल्या त्या घाटावर आरती सुरू झाली. दिवे एका ओळीत फिरू लागले आणि माझी नजर सवयीनं खालीवर होणारा दिवा शोधू लागली. वाईट खोड. कापडावर खुणा एकावर एक आल्या तरी आसन थरथरू शकतं, आणि कधी पात्यांत थोडा फरक राहिलेला रोटर लोण्यासारखा चालतो. मी शेवटी कापडापेक्षा पायलटच्या पाठीचंच ऐकायचो.

परतताना पाहिलं, नावाड्याचं डावं वल्हं उजव्यापेक्षा वीतभर आखूड होतं. नाव सरळ चालली होती.